बिमारी किडनीची, मंग माणूस हार्टनं कसा गेला?



कामठ्यातल्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या झाल्या. मी वही पिशवीत टाकून उठणार, तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेली एक ताई म्हणाली, "मॅडम, एक इचारू का? डॉक्टर म्हणत होते बिमारी किडनीची आहे. मंग माणूस हार्टनं कसा गेला?"

ती तिच्या मालकाबद्दल बोलत होती. तिचं नाव मी लिहीत नाही, पण ही गोष्ट लिहायला तिची परवानगी घेतली आहे. वय बावन्न. तीन वर्षांपूर्वी रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. पुढं कधीतरी डायलिसिस लागू शकेल, असं सांगितलं गेलं. त्या एका शब्दानं घर हादरलं. ताईनं गटातून अंतर्गत कर्ज उचललं, धानाचे थोडे पैसे त्यात टाकले आणि सगळी रक्कम डायलिसिससाठी म्हणून बाजूला ठेवली. रोवणीच्या दिवसांत एका पहाटे त्यांच्या छातीवर दडपण आलं, घाम फुटला. गाडी मिळून दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डायलिसिस एकदाही झालं नव्हतं. पैसे तसेच होते.

मग गावात बोलणी सुरू झाली. कोणी म्हणे डॉक्टरांना रोगच समजला नाही. कोणी म्हणे गोळ्यांची गरमी हृदयावर गेली. आणि ताईच्या मनात एकच बसलं, की आपण भलत्याच बिमारीची तयारी करत बसलो.

मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्य शिकले आहे, डॉक्टर नाही. "पुढच्या बैठकीत सांगते," म्हणून उठले. नंतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, वाचलं, समजलं नाही ते पुन्हा जाऊन विचारलं. या अंकात लिहिते आहे, कारण मी ज्या गटांत फिरते तिथं बीपी, शुगर किंवा "क्रिएटिनिन वाढलं" असं कोणाच्या ना कोणाच्या घरी आहेच.

उत्तर आधी सांगून टाकते. डॉक्टर चुकले नव्हते. किडनीच्या जुनाट आजारात माणसाला सगळ्यात मोठा धोका असतो तो हृदयाचा आणि मेंदूच्या झटक्याचा. जगभर असंच दिसतं की किडनी कमजोर झालेल्यांपैकी डायलिसिसपर्यंत पोहोचणाऱ्यांपेक्षा त्याआधीच हृदयाच्या त्रासानं जाणारे जास्त असतात. 2004 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 11 लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. किडनीचं काम जितकं कमी, तितका हृदयविकाराचा धोका पायरी-पायरीनं वाढलेला दिसला. ही गोष्ट तशी नवीन नाही. इंग्लंडमधले रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर किडनीच्या आजारानं मेलेल्यांची शवं तपासत, आणि 1836 मध्येच त्यांनी लिहून ठेवलं होतं की यातल्या बऱ्याच जणांचं हृदय वाढलेलं आहे. म्हणजे डॉक्टरांना जवळपास दोनशे वर्षांपासून माहीत आहे. आपल्यापर्यंतच ते आलं नाही.

आता हे होतं कसं?

आपल्या घरी पाठीवरचा फवारणी पंप असतो, तो डोळ्यासमोर आणा. दांडा वर-खाली, वर-खाली होतो. म्हणजे जोर थांबून थांबून लागतो. पण नोझलमधून औषध थांबून थांबून येतं का? नाही, सारखा फवारा येतो. कारण पंपाच्या आत एक हवेचा डबा असतो. दांडा दाबला की आतली हवा दबते, दांडा सुटला की तीच हवा पसरून औषध पुढं ढकलत राहते.

आपल्या शरीरात तो दांडा म्हणजे हृदय. दिवसाला साधारण एक लाख वेळा ते आवळतं आणि सुटतं. हवेच्या डब्याचं काम करते हृदयातून निघणारी मोठी धमनी. धमनी म्हणजे हृदयाकडून अंगाला रक्त नेणारी नस. तरुणपणी ती रबरासारखी लवचिक असते. हृदयानं रक्त फेकलं की फुगते, हृदय सुटलं की आकसते आणि उरलेलं रक्त हळूच पुढं सरकवते. त्यामुळं पुढच्या बारीक नसांना झटके बसत नाहीत, रक्त सारखं वाहतं.

हीच धमनी कडक झाली तर? उन्हात पडून पडून मोटरीचा रबरी पाइप कसा ताठ होतो, वाकवला तर चिरतो, तशी. मग हृदयाचा प्रत्येक ठोका पुढं धडक मारत जातो. मधला डबाच नाही म्हटल्यावर फवारा नाही, पिचकारी उडते. आणि ती पिचकारी सगळ्यात आधी कोणाला लागते? किडनीला आणि मेंदूला. कारण या दोघांना रक्त भरपूर लागतं आणि त्यांच्याकडं जाणाऱ्या वाटेवर अडथळा कमी असतो. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडं जातो. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या पिचकारीचे झटके खाऊन खाऊन फाटायला लागतात.

इथंच खरी अडचण आहे. नस कडक झाली की किडनी खराब होते आणि किडनी खराब झाली की नस आणखी कडक होते. चूक कोणापासून सुरू झाली, हे नंतर सांगता येत नाही.

किडनी नसेला कडक कशी करते, तेही बघा. किडनीचं काम फक्त लघवी तयार करणं नाही. मीठ आणि पाणी किती ठेवायचं, किती बाहेर टाकायचं हे ती ठरवते. ती थकली की मीठ-पाणी अंगात साचतं आणि दाब वाढतो. आपल्या खाण्यातून फॉस्फरस नावाचा क्षार येतो, जास्तीचा झाला तर किडनी तो बाहेर टाकते. तोही साचायला लागतो. हाडांना लागणारं व्हिटॅमिन डी कामाला लावणारीही किडनीच. हा सगळा हिशोब बिघडला की हाडांतलं कॅल्शियम निघतं आणि नसांच्या भिंतीत जाऊन बसतं. पाणी उकळायच्या गंजात तळाशी पांढरा थर धरतो ना, तसं काहीसं. फरक एवढाच की तो थर खरवडून काढता येतो आणि हा नसेच्या भिंतीच्या आतच बसतो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नसेतल्या काही पेशी तर हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात. मला ते ऐकून कसंतरीच झालं. हाड पोकळ आणि नस हाडासारखी!

यात आपला नेहमी एक घोळ होतो. "नसेत चरबी साचली, ब्लॉक झाला" हे आपण ऐकलेलं असतं. ते वेगळं. ती चरबी नसेच्या आतल्या बाजूला धरते आणि वाट अडवते. इथं वाट मोकळी असू शकते, पण भिंत कडक झालेली असते. किडनीच्या आजारात बहुतेक वेळा दोन्ही सोबत चालतात. म्हणून "ॲन्जिओग्राफीत मोठा ब्लॉक नाही निघाला, आता बिनधास्त" असं समजू नका.

आता हृदयाचं काय होतं? कडक पाइपातून रक्त ढकलायला त्याला जास्त जोर लावावा लागतो. रोज मुसळ चालवणाऱ्या बाईचा दंड भरतो, तशी हृदयाची भिंत जाड होते. दंड भरला तर चांगलं, पण हृदय जाड झालं तर वाईट. जाड हृदय नीट सैल होत नाही, त्यात रक्त नीट भरत नाही, दम लागायला लागतो. आणखी एक गोष्ट आहे, जी मला आधी अजिबात माहीत नव्हती. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण स्वतःचं जेवण मात्र मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या आरामात घेतं. त्या वेळी मोठी धमनी आकसून त्याला रक्त पुरवते. धमनीच कडक असली तर आरामातला दाब खाली जातो. म्हणजे काम वाढलं आणि जेवण कमी झालं. रोवणीच्या दिवसांत आपलं जे होतं, तेच!

आता बीपीचे दोन आकडे बघू. वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते सुटतं तेव्हाचा. 120/80 असेल तर मधलं अंतर 40. समजा एखाद्या साठ वर्षांच्या मावशीचं बीपी 170/80 आलं. अंतर झालं 90. आपण काय म्हणतो? "खालचा तर बरोबर आहे." नाही ताई. वय वाढल्यावर वरचा आकडा चढत असेल आणि खालचा तिथंच असेल किंवा उतरत असेल, तर मोठी धमनी कडक होत असल्याची ती खूण असते. मोठ्या शहरांत यासाठी वेगळं यंत्र असतं. रक्ताच्या ठोक्याची लाट नसेतून किती वेगानं धावते ते त्यात मोजतात. नस जितकी कडक, तितकी लाट वेगात. तरुण माणसात ती सेकंदाला पाच-सहा मीटर जाते, दहाच्या वर गेली तर डॉक्टर सावध होतात. ते यंत्र आपल्याकडं नाही, आणि त्यावाचून अडत पण नाही. बीपीच्या साध्या मशीनवर वरच्या आकड्याकडं लक्ष दिलं तरी खूप कळतं.

पण मोजायचं नीट. गावात मी बघते, बाई उन्हातून चालत येते, बसते न बसते तोच पट्टा बांधतात, आणि बाजूची विचारते, "काय भाजी केली होतीस?" असं मोजलेलं बीपी चुकतं. पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, साडीच्या किंवा ब्लाउजच्या बाहीवर नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, खर्रा नाही. मोजताना बोलायचं नाही. हे शेवटचं आपल्याला सगळ्यात जड जातं.

कोणी म्हणेल, हे शहरातल्या लोकांचे रोग, कष्ट करणाऱ्याला कुठं होतात? आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात सर्च संस्थेनं 86 गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला होता, 2011 ते 2013 या काळातला. मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण निघालं मेंदूचा झटका, म्हणजे लकवा. दर सात मृत्यूंमागे साधारण एक. गडचिरोलीची गावं आपल्यासारखीच. धान, जंगल, मजुरी, खर्रा. आणि आपला जिल्हा 1999 पर्यंत ज्या भंडाऱ्यात होता, तो भंडारा राज्यातल्या अशा पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत होता, जिथं 2018 च्या सुमारास सरकारनं बीपीच्या रुग्णांची नावानिशी नोंद, ठरलेल्या गोळ्या आणि दर महिन्याचा पाठपुरावा सुरू केला. सोबत वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग होते. म्हणजे हा प्रश्न आपल्या मातीतला आहे, हे सरकारलाही माहीत आहे.

आता तपासणी. बीपी किंवा शुगर असलेल्या प्रत्येकीनं वर्षातून निदान एकदा दोन तपासण्या करून घ्यायच्या: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, ज्याला अल्ब्युमिन म्हणतात. किडनीचा आजार सुरुवातीला दुखत नाही, सुजत नाही, काहीच सांगत नाही. लघवीला फेस येणं, पायावर सूज, रात्री उठून उठून लघवीला जाणं हे बहुतेक वेळा उशिरा दिसतं. लघवीत अल्ब्युमिन मात्र लवकर दिसतं. गाळणी फाटल्याची ती पहिली खबर. आणि नसाही बिघडत असल्याची खबर. म्हणून डॉक्टर त्याला एवढं महत्त्व देतात. आपण मात्र रक्त द्यायला तयार असतो आणि लघवीची बाटली द्यायला लाजतो.

क्रिएटिनिनचा एक धोका खास आपल्या बायांसाठी सांगते. हा पदार्थ अंगातल्या मांसातून तयार होतो. आपल्या बाया बारीक, वय झालं की आणखी बारीक. त्यामुळं किडनी कमजोर असली तरी आकडा फार चढत नाही. समजा दोन जणांचं क्रिएटिनिन 1.2 आलं. एक तीस वर्षांचा तगडा पोरगा, दुसरी साठ वर्षांची आजी. कागदावर दोघांचं सारखंच. पण वय आणि स्त्री-पुरुष धरून हिशोब केला तर पोराची किडनी 80 च्या वर निघते आणि आजीची 52 च्या आसपास. या हिशोबाच्या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. 90 च्या आसपास किंवा वर असेल तर ठीक. तीन महिने सलग 60 च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार. 15 च्या खाली म्हणजे किडनी जवळपास थकली. तेव्हा रिपोर्ट हातात आला की "क्रिएटिनिन किती" एवढ्यावर थांबू नका. "माझा ईजीएफआर किती जी?" असं विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

तपासणी कुठं? तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म आशाताई भरून घेतात, बीपी-शुगर उपकेंद्रात मोजली जाते. रक्ताचे नमुने प्राथमिक आरोग्य केंद्रातून तपासणीला जातात. पुढं लागलं तर गोंदियाचं केटीएस रुग्णालय, तिथंच आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

कोणी आधी जायचं? बीपी आणि शुगरवाल्या तर आल्याच. घरात कोणाला किडनीचा आजार असेल त्याही. सिकलसेल असेल त्याही, आपल्या भागात तो खूप आहे आणि तो किडनीलाही धरतो. आणि ज्यांचं बाळंतपणात बीपी वाढलं होतं, सूज आली होती, झटके आले होते, त्या सगळ्याजणी. आपण समजतो बाळंत झालो, बीपी उतरलं, विषय संपला. पण अशा बायांना पुढच्या आयुष्यात हृदयाचा आणि किडनीचा आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पोरगं आता दहावीला असलं तरी डॉक्टरांना सांगायचं, "माझं त्या वेळी बीपी वाढलं होतं."

आता गोळ्यांकडं येते. इथंच जास्त गडबड होते. त्या ताईच्या मालकांनी पण बीपीची गोळी बंद केली होती. दोन महिन्यांआधी. कोणीतरी सांगितलं की बीपीच्या गोळीनं किडनी खराब होते. वरून बरं वाटत होतं आणि कामाचे दिवस होते. ताईनं हे मला सगळ्यात शेवटी सांगितलं, खाली बघत.

गोळीनं किडनी खराब होत नाही ताई, न उतरलेल्या बीपीनं होते. टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्या तर बीपी उतरवण्यासोबत गाळणीवरचा दाब पण कमी करतात, लघवीतून जाणारं प्रोटीन थांबवतात. सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडंसं वाढू शकतं, त्यामुळं लोक घाबरतात. म्हणून डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगतात. ती तपासणी चुकवायची नाही. खूप उलट्या-जुलाब झाले तर ही गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी विचारून घ्यायचं. आणि तरुण ताईंनो, दिवस राहिले असतील किंवा राहायचा विचार असेल तर ही गोळी चालत नाही, बाळाला धोका असतो. लगेच सांगून बदलून घ्यायची. शुगरची म्हणून आलेली डापाग्लिफ्लोझिन नावाची एक गोळी किडनी आणि हृदय दोघांनाही उपयोगी ठरते, असं मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. 2020 मध्ये तिचं पेटंट संपल्यावर आपल्या देशात ती बरीच स्वस्त झाली. ती आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येईल. मनानं आणायची नाही.

मनानं घ्यायच्या गोळ्यांवरून आठवलं. रोवणीत दिवसभर वाकून वाकून कंबर जाते, हे मी घरी लहानपणापासून बघितलं आहे. मग दुकानातून दुखण्याची गोळी येते. एक सकाळी, एक रात्री, पंधरा-वीस दिवस. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक असं काहीतरी पाकिटावर लिहिलेलं असतं. या गोळ्या किडनीकडं जाणारं रक्त कमी करतात, मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात. वरून चिखलात उन्हात काम आणि पाणी कमी पिणं. निरोगी बाईचं एखाद्या गोळीनं बिघडत नाही. पण बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर या गोळ्या रांगेनं घेणं म्हणजे आपल्याच हातानं गाळणी फाडणं. दुखलं तर पॅरासिटामॉल किती चालेल ते विचारून घ्या, शेक घ्या. आणि रोवणीच्या ठेक्यात मध्ये बसायला वेळ मिळाला पाहिजे, हे गटानं मिळून ठेकेदाराला सांगा. एकटीनं सांगितलं तर ऐकत नाहीत. कोणाचा काढा, भस्म, जडीबुटी चालू असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका. ते रागावतात म्हणून आपण लपवतो, हे मला माहीत आहे.

मीठ. दिवसाला एका माणसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सगळं धरून. वरून घेतलेलं, भाजीतलं, लोणच्यातलं, पापडातलं, सुकटातलं, झिंग्यांतलं. पापडखार आणि खायच्या सोड्यातही मिठातलं तेच सोडियम असतं. आपल्या संघाचे गट पापड-लोणचं विकतात, मी स्वतः स्टॉल लावते, तरी लिहिते: बीपीच्या माणसाच्या ताटात रोज पापड नको. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते चालेल, पण किडनी कमजोर असलेल्याच्या अंगात पोटॅशियम साचून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. त्या घरात ते आणू नका. काळं कोल्ड्रिंक आणि पाकिटातले तयार पदार्थ यांत घातलेला फॉस्फरस अंगात पटकन शोषला जातो, वर नसेत चुना बसण्याचं सांगितलं त्याला तो हातभार लावतो. डाळ-भाजी मात्र घाबरून एकदम बंद करू नका. त्या ताईनं मालकांची डाळ, भाजी, फळ सगळं तोडलं होतं, माणूस अर्धा झाला होता. काय कमी करायचं हे रिपोर्ट बघून ठरतं.

तंबाखूचं वेगळं काय सांगू! बिडी वळणारे हात आपलेच आहेत, खर्रा घोटणारे पण. बाया म्हणतात, "आम्ही कुठं बिडी ओढतो?" आणि सकाळी गुडाखू घासल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. गुडाखूत तंबाखूच असतो. नस आवळायला तोंडातला तंबाखूही पुरतो.

ज्यांच्या घरी डायलिसिस सुरू झालं आहे त्यांनीही हृदयाचं भान ठेवायचं. आठवड्यातून साधारण तीनदा, चार-चार तास रक्त गाळलं जातं. दोन वेळांच्या मध्ये साचलेलं पाणी एकदम काढलं की कडक नसांना आणि जाड हृदयाला ते झेपत नाही. म्हणून पाण्याचं माप पाळायचं आणि वार चुकवायचा नाही. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, कर्ज उचलायच्या आधी भेटा. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी योजनेत येत नाही. गटाचं कर्ज लागलंच तर त्यासाठी ठेवा.

आणि छातीवर दडपण, जबड्यात-पाठीत-हातात कळ, एकदम घाम, दम, मळमळ, किंवा तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं, यातलं काही झालं तर 108 ला फोन. शुगर आणि किडनीच्या माणसाला छातीत फारसं दुखतही नाही, नुसता दम लागतो, गळून जातो. बायांचंही असं होतं. "गॅस असेल" म्हणून ओवा देऊन झोपवू नका.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, पंपाच्या डब्यापासून. ताई ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "म्हणजे दोन्ही एकच होतं." मी हो म्हटलं. तिनं विचारलं, गोळी चालू राहिली असती तर वाचले असते का? मी म्हटलं, ते कोणीच सांगू शकत नाही, धोका कमी झाला असता एवढं सांगता येतं. आणि जी माहिती तुम्हाला कोणी दिलीच नव्हती, तिचा दोष तुमचा नाही. ती काही बोलली नाही.

त्या दिवशी उपकेंद्राच्या मॅडम मशीन घेऊन आल्या होत्या. सगळ्यांचं मोजलं. ताईचं स्वतःचं आलं 158/82. तिला वाटलं, घरातल्या टेन्शननं असेल. आठ दिवसांनी पुन्हा मोजलं, तरी तेवढंच. गोळी सुरू झाली, रक्त आणि लघवी तपासायला गेली.

परवा ती रिपोर्ट घेऊन माझ्याकडं आली होती. घडी उलगडून समोर ठेवली आणि म्हणाली, "क्रिएटिनिन मले दिसलं मॅडम, 0.9 आहे. तो दुसरा आकडा कुठं लिहिला आहे, तेवढं दाखवा."

कागदावर तो लिहिलेलाच नव्हता. आम्ही दोघी डॉक्टर मॅडमकडं गेलो आणि वय सांगून काढून घेतला. 76 आला. लघवीतलं अल्ब्युमिन थोडं वाढलेलं आहे, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं आहे. तारीख तिनं गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतली.